ओट्यावरची फक्की

सन एकोणीसशे अडुसष्टच्या पावसाळ्याअखेरीस आमच्या वस्तीच्या वाट्यास एक क्रीडांगण येणार असल्याचे वर्तमान प्रथम माझ्या दुकानात आले, आणि त्या दिवसापासून माझ्या चित्ताचे स्थैर्य गेले.

आमची वस्ती नागपूर शहराच्या त्या टोकास आहे, जेथून उमरेडचा मार्ग शहराबाहेर पडतो. मार्गास लागून पूर्वेस मुरमाची एक जुनी खदान आहे. रस्त्यांसाठी मुरूम नेता नेता ती जागा मार्गापेक्षा पुरुषभर खोल व तळाशी सपाट झाली होती. आमच्या काळ्या मातीच्या वस्तीत पावसाळ्यामध्ये पाऊल कोरडे ठेवता येईल अशी तेवढीच एक भूमी. तिच्या मार्गाकडील अंगास रुपरावांचा आखाडा होता आणि पलीकडील टोकास, कडुनिंबाखाली, दोन खांब रोवून मुली खो-खो खेळत असत. त्या मुलींमध्ये माझी कन्या जयवंता होती. तिचे वय सोळा. ती धावू लागली म्हणजे तिचा पाठलाग करणारी मुलगी वाऱ्याशी भांडत असल्याप्रमाणे भासे. हे मी पिता म्हणून लिहीत नाही, पाहणारे सर्वच तसे म्हणत.

नगराच्या नियोजन कचेरीकडून असे समजले होते की, खदानीची भूमी क्रीडांगणांसाठी मिळू शकेल. तत्पूर्वी वस्तीच्या क्रीडा मंडळाने नकाशा तयार करावा. त्यात रहिवाशांच्या नित्य उपयोगाचे खेळ असावेत, तसेच बाहेरगावच्या प्रेक्षकांस ओढून आणतील असेही असावेत. विजयादशमीपूर्वीच्या रविवारी अधिकारी येतील, भूमी व नकाशा ताडून पाहतील, आणि त्यावर जे असेल तेच पुढे बांधले जाईल.

नकाशा कोणी काढावा, हा प्रश्न आखाड्यातील सभेत निघाला तेव्हा सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी शिंपी आहे. मला सर्व वस्ती केशव मास्तर म्हणते, यद्यपि शाळेत मी सहावीच्या पुढे गेलो नाही. दुपारी गिऱ्हाईक नसले म्हणजे वाचनालयातून आणलेली पुस्तके वाचावीत व त्यांतील भाषा आपल्या मुखी बसवावी, एवढाच माझा विद्याभ्यास. मंडळाचे चिटणीसपदही मला अक्षर वळणदार असल्यामुळे मिळाले होते.

मंडळाचे अध्यक्ष रुपराव हे तरुणपणी नामांकित पहिलवान होते. आता त्यांच्या म्हशी होत्या, पोट होते, आणि मिशांवरून बोट फिरवीत बोलण्याची सवय होती. ते म्हणाले, "मास्तर, तुमच्यापाशी टेप हाय, खडू हाय. इंजिनिअरपाशी अजून काय राह्यते गा?"

सभा हसली. मीही हसलो आणि ते कार्य स्वीकारले.

नकाशा मी कपडा बेतण्याच्या खाकी कागदावर, कपड्याच्याच खडूने काढला. दहा फुटांस एक इंच असे प्रमाण धरले. मार्गाकडून आरंभ करून प्रथम आखाडा, त्याच्या शेजारी कबड्डी, त्याच्या शेजारी व्हॉलीबॉल आणि अखेरीस कडुनिंबाजवळ मुलींचे खो-खो, अशी चार मैदाने मी पुस्तकांच्या फळीवर पुस्तके ठेवावीत तशी ओळीने उभी मांडली. प्रत्येक मैदानाच्या दोन्ही बाजूंस मी दहा दहा फुटांची मोकळी पट्टी सोडली. ती का सोडली, असे कोणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते. शिंप्याचा हात कापडाचा प्रत्येक तुकडा कापताना शिवणीच्या आत थोडे कापड राखतो, ज्यास आमच्या धंद्यात मार्जिन म्हणतात. दोन तुकडे जोडावयाचे तर दोन्ही तुकड्यांस आपापले मार्जिन हवे. माझ्या हाताने भूमीसही कापडच समजून घेतले.

दुसऱ्या सभेत नकाशा जमिनीवर अंथरला गेला. लोक त्याभोवती उकिडवे बसले. रुपरावांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले की कुस्त्यांच्या दंगलीच्या दिवशी भिवापूर, उमरेड, खापा येथून जे लोक येतात त्यांच्या बैलगाड्या व सायकली कोठे उभ्या राहावयाच्या. नकाशात तशी जागा नव्हती. मग त्यांचे बोट सरकत सरकत कडुनिंबापाशी जाऊन थांबले.

मी उभा राहिलो. स्त्रीजातीच्या शारीरिक उन्नतीविषयी जे काही मी वाचले होते ते सर्व एकत्र करून मी भाषण केले. मुलींचा संघ या वर्षी जिल्ह्याच्या सामन्यांत उतरू इच्छितो, आणि ज्या मंडळाचे स्वतःचे नियमानुसार खो-खोचे मैदान नाही त्याचा संघ तेथे घेत नाहीत, ही मुख्य गोष्ट मी त्या भाषणाच्या मध्यभागी कोठेतरी सांगितली.

रुपराव शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुम्ही जे बोलले ते मले समजलं नाही, पण ऐकाले बरं वाटलं."

हास्य ओसरल्यावर त्यांनी जे सांगितले ते मात्र उपहासाचे नव्हते. तीन वर्षे पोरी खेळून राहिल्या, ते म्हणाले, पण एक परका माणूस तरी तिकडे वळला काय? कचेरीला पाहुणे पाहिजेत. पाहुणे कुस्तीला येतात. पाहुण्यांची गाडी उभी करायला जागा नसेल तर कचेरी आखाडाही देणार नाही, आणि मग कुणाच्याच हाती काही लागणार नाही. हात वर झाले. मी चिटणीस असल्याने माझ्याच खडूने मला खो-खोचे मैदान पुसून त्या जागी गाड्यांचा तळ काढावा लागला. त्या तळासही माझ्या हाताने सवयीप्रमाणे मार्जिन सोडले.

घरी जयवंता दारातच उभी होती. वस्तीत बातमी माणसापेक्षा लवकर चालते. तिने फक्त म्हटले, "तुम्हीच काढलं, तुम्हीच खोडलं. आता आम्ही कुठं जावं, तेही काढून द्या."

त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. जेवण वाढी, पाणी देई, दुकानात डबा आणून ठेवी. परंतु माझ्याकडे पाहत नसे. दसऱ्याच्या कपड्यांची गर्दी होती आणि मी आयुष्यात प्रथमच डाव्या हाताची बाही उजव्या बाजूस शिवली. एका गिऱ्हाइकाच्या पायजम्याचे माप मी दोन वेळा घेतले व दोन्ही वेळा विसरलो. यंत्रावर बसलो म्हणजे खदानीकडे जावेसे वाटे. खदानीत गेलो म्हणजे कडुनिंबाखालचे ते दोन खांब मजकडे पाहत आहेत असे वाटून परत दुकानाकडे फिरावेसे वाटे. दिवसातून कित्येक वेळा मी ती वाट तुडविली. हातात टेप असे, परंतु काय मापावयाचे हे ठाऊक नसे. लोक विचारीत, "मास्तर, कुठं निघाले?" आणि मी प्रत्येकास निराळे उत्तर देई.

त्या दिवसांत आमच्याकडे भुलाबाई बसली होती. भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर प्रत्येक सायंकाळी मुली घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात. ज्या घरी ती फेरी जाईल तेथील बाई डब्यात खाऊ झाकून ठेवते आणि मुलींनी डबा हलवून तो ओळखावयाचा असतो. एरवी सायंकाळी मुलींना घराबाहेर न सोडणाऱ्या आयाही या महिन्यात त्यांना अडवीत नाहीत. जयवंता त्या फेरीबरोबर जात असे, परंतु तिची गाणी मला लांबून ऐकू येत. आमच्या घरी पाऊल टाकताच ती मुकी होई.

शुक्रवारी सायंकाळी मी दुकान अर्धे उघडे टाकूनच घरी आलो. माझी पत्नी प्रेमिला उंबऱ्यात बसून जयवंतेचे गतवर्षीचे पोलके उसवीत होती. रविवारी भुलाबाईची फेरी आमच्या घरी येणार होती आणि पोलके पोरीला तंग झाले होते. तिने दोन्ही बाजूंच्या शिवणी उकलल्या, आतले कापड बाहेर ओढले, आणि ते जुने पोलके माझ्या डोळ्यांदेखत रुंद झाले. आतल्या पट्टीचा रंग बाहेरच्यापेक्षा गडद होता, कारण त्यास ऊन लागले नव्हते.

मी पाहतच राहिलो. प्रेमिला म्हणाली, "असे काहून पाहून राहिले? तुम्हीच तर सोडलं होतं आत एवढं. पोरगी वाढंन म्हणून."

मी तसाच दुकानात परतलो आणि नकाशा पसरला. आखाड्याची पूर्वेकडील पट्टी, कबड्डीच्या दोन, व्हॉलीबॉलच्या दोन आणि गाड्यांच्या तळाची एक. सहा पट्ट्यांचे साठ फूट माझ्याच हाताने शिवणीच्या आत दडवून ठेवले होते. खो-खोच्या मैदानास रुंदी एकावन्न फूट लागते. कबड्डी व व्हॉलीबॉल ही दोन्ही मैदाने पूर्वेकडे सरकवून गाड्यांच्या तळास अगदी भिडविली, तर आखाड्याच्या शेजारीच मुलींचे मैदान निघत होते. आणि तेही कोपऱ्यात नव्हे, मार्गावरून सर्वांस दिसेल असे. अर्थात याची किंमत मला स्पष्ट दिसत होती. मैदानांमध्ये अंतर उरणार नव्हते. व्हॉलीबॉलचा चेंडू कबड्डीवाल्यांच्या अंगावर पडणार होता. ज्या वस्त्राचे मार्जिन एकदा बाहेर काढले, ते पुन्हा वाढत नाही.

मी नकाशा घेऊन रुपरावांच्या गोठ्यात गेलो. ते म्हशीच्या पाठीवर पाणी ओतीत होते. या वेळी मी पुस्तकी भाषा वापरली नाही. बोटाने पट्ट्या दाखविल्या. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले की बसत असेल तर खुशाल बसवा, मात्र आखाड्याच्या हद्दीला हात लागता कामा नये. मी तसा शब्द दिला आणि घराकडे जवळजवळ धावत गेलो.

शनिवारी दुपारी मी जयवंता आणि तिच्या मैत्रिणींस घेऊन खदानीत उतरलो. बेत ऐकताच मैदान आखण्याच्या चुन्याच्या फक्कीची बादली तिने स्वतःच उचलली. दोरी, टेप, खुंट्या असे सर्व साहित्य होते. आखाड्याजवळ जाताच माझे पाय थांबले. आखाड्याच्या पूर्वेस, जेथे माझ्या नकाशात दहा फुटांची मोकळी पट्टी होती, तेथे विटांचा एक रुंद ओटा उभा होता. गुडघ्याइतका उंच, वरून सिमेंटने गुळगुळीत केलेला. आठवडाभर मी कडुनिंबाकडे पाहत या खदानीत चकरा मारल्या, परंतु आखाड्याकडे मान वळविली नव्हती.

मी पुन्हा रुपरावांकडे गेलो. ते म्हणाले, "कागदावर तिथं रिकामी पट्टी होती ना? मी म्हटलं, मास्तरनं पाहुण्यांच्या ओट्यासाठीच ठेवली. मोठी हुशारी केली म्हटलं." त्यांच्या स्वरात कपट नव्हते, त्यांना खरोखर तसेच वाटले होते. मी सांगितले की त्यामुळे आता पन्नासच फूट उरतात, एक फूट कमी पडतो. तेव्हा त्यांनी मला माझ्याच शब्दाची आठवण करून दिली. ओटा आता आखाड्याच्या हद्दीत होता, आणि हद्दीला हात लागणार नव्हता.

खदानीत परत येऊन मी मुलींना म्हणालो की पन्नास फुटांतच आखू या, एका फुटाने काय होते. माझ्या तोंडून हे वाक्य निघावे याचे मला तेव्हाच आश्चर्य वाटले, कारण एका इंचाने काय होते हे माझ्याइतके कोणास ठाऊक असणार?

जयवंता म्हणाली, "पन्नासचं मैदान मैदान नाही होत, बाबा."

कितीतरी दिवसांनी तिने मला बाबा म्हटले होते. तिने टेपचे टोक पूर्वेच्या, म्हणजे कबड्डीकडील, रेषेवर एका मैत्रिणीस धरावयास लाविले, टेप ओढीत ओट्यापर्यंत आली, आणि जेथे एकावन्न फूट भरले तेथे म्हणजे ओट्याच्या वर, त्याच्या कडेपासून एक फूट आत, बोट ठेवले. मग बादलीतून मूठभर फक्की घेतली. मी तिला अडविले नाही. नव्या राखाडी सिमेंटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी सरळ रेघ उमटली, आणि पुढे खाली मुरमावर उतरून दोन्हीकडे चालू झाली. मुलींनी कडुनिंबाखालचे खांब उपटून आणून नव्या जागी रोवले. मी हद्दीला हात लावला नव्हता.

रविवारी दुपारी अधिकारी आले. त्यांचे नाव मार्तंडराव. रामदासपेठेत राहणारे, कृश, छत्री काखेत धरणारे आणि प्रत्येक गोष्ट दोनदा पाहणारे असे ते गृहस्थ होते. ओट्यावर त्यांच्यासाठी व रुपरावांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या, आखाड्याकडे तोंड करून. रुपराव खुर्चीत बसण्यास वळले तेव्हा त्यांना पायाखाली ती पांढरी रेघ दिसली. त्यांनी रेघेकडे पाहिले, मग माझ्याकडे. मिशीवरचे त्यांचे बोट थांबले.

प्रदर्शनीय कुस्तीसाठी खाप्याहून एक पहिलवान यावयाचा होता. तो आला नाही. पाव तास गेला, अर्धा तास गेला. चहा झाला, सुपारी झाली. लाल माती सपाट करून ठेवलेला आखाडा रिकामा होता, आमचा पहिलवान अंगास तेल लावून एकटाच उभा होता, आणि मार्तंडराव घड्याळाकडे पाहत होते. रुपराव पुनःपुन्हा मार्गाकडे मान वर करीत. माझी अवस्था अशी होती की मला एका जागी उभे राहवेना. मी ओट्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उगाच चालत होतो.

इतक्यात खदानीच्या उतारावरून बायका उतरताना दिसल्या. पुढे प्रेमिला, तिच्या डोक्यावर पाट, पाटावर भुलाबाई व भुलोजीच्या मातीच्या मूर्ती. मागे वस्तीच्या अर्ध्याहून अधिक बायका, कोणी कडेवर मूल घेतलेल्या, कोणी डबा हाती धरलेल्या. आखाडा असलेल्या ठिकाणी बायकांनी पाऊल ठेवण्याची आमच्याकडे रीत नव्हती. रुपराव खुर्चीतून उठून उभे राहिले. प्रेमिलाने पाट कबड्डीच्या मैदानाच्या कडेला ठेवला आणि सर्वांस ऐकू जाईल असे सांगितले की आज फेरी तिच्या घरी होती, घरात एवढ्या जणी मावत नाहीत, आणि पोरी तर इथेच आहेत.

बायकांच्या सर्वांत पुढे, काठी टेकीत, रुपरावांच्या मातोश्री जिजाबाई होत्या. ज्या आखाड्यावर त्यांच्या पुत्राने सारे आयुष्य घालविले तो त्यांनी त्या दिवशी प्रथम पाहिला. त्या थेट ओट्यापाशी आल्या, रुपरावांची खुर्ची रिकामी दिसली म्हणून तीत बसल्या, आणि आखाड्याकडे पाठ करून, मुलींच्या मैदानाकडे तोंड करून खुर्ची फिरविली. शिष्टाचार म्हणून मार्तंडरावांनीही आपली खुर्ची फिरविली.

आणि मुली खेळू लागल्या.

तो खेळ वर्णन करण्याचे सामर्थ्य माझ्या लेखणीत नाही. पाठीस पाठ लावून बसलेल्या मुली, त्यांच्यामधून वळणे घेत पळणारी जयवंता, आणि मागून पोलक्याच्या पाठीपर्यंत पोहोचणारे परंतु न पोहोचणारे हात. नव्याने रुंद केलेल्या त्या पोलक्याच्या दोन्ही कुशींवर गडद पट्ट्या मला लांबूनही दिसत होत्या. बायका गाणे विसरल्या. मार्ग खदानीपेक्षा उंच असल्याने वरून जाणारे सायकलस्वार आखाड्यापलीकडचे सर्व पाहू शकत होते. ते एकेक करून उतरले. उमरेडकडून भिवापूरची प्रवासी मोटार आली, हळू झाली, आणि थांबली. खिडक्यांतून माणसे डोकावली, मग उतरून काठावर उभी राहिली. त्यातील कोणास कुस्तीचे आमंत्रण नव्हते, खो-खोचेही नव्हते.

खेळ पश्चिमेच्या अंगास सरकला. मागची मुलगी जवळ आली आणि जयवंतेस पुढे वाट उरली नाही. पुढे ओटा होता. तिने उडी घेतली, ओट्यावर चढली, आणि कड व पांढरी रेघ यांच्यामधल्या त्या एका फुटावरून धावत सुटली. नियमानुसार ती मैदानातच होती. मार्तंडरावांनी गुडघे आखडून घेतले. जिजाबाईंच्या लुगड्याच्या पदरास वारा लागला. रुपराव आईच्या खुर्चीपुढे उभे होते. जयवंता त्यांच्या पोटास जवळजवळ घासून पुढे गेली, खाली उतरली, आणि पाठलाग करणारी मुलगी ओट्यापाशीच अडली.

जिजाबाईंनी काठीने पुत्राच्या पोटरीस टोचले. "बाजूले हो गा रुपराव. पोरीले जागा दे. अन् मले काही दिसून नाही राहिलं."

बायका हसल्या. वरच्या काठावरची माणसेही हसली. रुपराव बाजूस झाले, आणि पाय ठेवावयास जागा न मिळाल्याने ओट्यावरून खाली, मुरमावर उतरले.

डाव संपल्यावर मार्तंडराव उठले. त्यांनी नकाशा घेतला, दोनदा पाहिला, रेघेजवळ वाकले आणि छत्रीच्या टोकाने ती दाखवून विचारले, "अध्यक्ष महोदय, ही सीमारेषा आपल्या ओट्यावरून गेली आहे. एका जागी दोन गोष्टी मंजूर होत नाहीत. मी मैदान लिहू की ओटा?"

रुपराव खाली उभे होते व अधिकारी वर, त्यामुळे त्यांना मान वर करून उत्तर द्यावे लागणार होते. त्यांनी ओट्याकडे पाहिले. मार्गावरच्या गर्दीकडे पाहिले; ती अजून हलली नव्हती. शेवटी माझ्याकडे पाहिले, आणि ते पाहणे मित्रत्वाचे नव्हते.

"मैदान लिहा," ते म्हणाले. "ओट्याचा एक फूट आम्ही काढून टाकू. पाहुणे उभ्यानं पाहतात, ते तर दिसूनच राहिलं."

मार्तंडरावांनी लिहिले. मग मजकडे वळून त्यांनी विचारले की मैदानांमध्ये अंतर का नाही; पुढे वस्ती वाढली, खेळ वाढले, तर ही मैदाने मोठी कशी करणार? मी सांगितले की ती मोठी होणार नाहीत. होते तेवढे सर्व बाहेर काढले आहे. त्यांनी मान हलविली. मंजुरी मिळाली. खाप्याचा पहिलवान दिवेलागणीस आला, तेव्हा बायका डब्यातला खाऊ वाटीत होत्या. त्यालाही थोडा मिळाला.

माझी अस्वस्थता येथे संपावयास हवी होती. ती संपली नाही. त्या संबंध सप्ताहात व्हॉलीबॉलचा चेंडू कबड्डीवाल्यांमध्ये पडत राहिला, तेथून कोणीतरी तो खो-खोमध्ये फेकी, आणि तीन खेळांची माणसे एकमेकांस शिव्या देत. प्रत्येक भांडण अखेर माझ्या दुकानाशी येऊन थांबे. मी मशीनवरून उठून दारात उभा राही, सर्वांचे ऐकून घेई, आणि आपण अजून थोडी जागा कोठे लपविली नव्हती काय, याचा मनात शोध घेत राही. नव्हती.

शनिवारी जयवंता दुकानात आली आणि तिने टेप मागितला. गवंड्याने ओट्याचा एक फूट तोडला, असे कळले होते. सोमवारी जिल्ह्याच्या सामन्यांचे लोक मैदान पाहावयास येणार होते.

"झालं म्हणतात तर झालं असंन," मी म्हणालो.

"मी पाहून येते," ती म्हणाली.

मी कात्री ठेवली आणि तिच्याबरोबर निघालो. खदानीत कोणी नव्हते. ओट्याची कड खडबडीत दिसत होती, विटांचा चुरा खाली पडला होता. तिने पूर्वेच्या रेषेवर टेपचे टोक दाबून धरले, मी ओट्यापर्यंत आलो. टेप ताणला. वाकून पाहिले. पुन्हा ताणून पुन्हा पाहिले.

एक इंच कमी होता. गवंड्याने अकरा इंचच तोडले होते.

जयवंता पलीकडून माझ्याकडे पाहत होती. गवंड्याची छिन्नी व हातोडी चुऱ्यातच पडली होती. मी शिंपी, विटेवर घाव घालण्याचा मला अभ्यास नाही. पहिला घाव बोटावर बसला. दुसऱ्याने सिमेंटचा एक कपचा उडाला. मग मी गुडघे टेकून, कापड कापावे तसे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघालो. बराच वेळ मी मान वर केली नाही.

केव्हातरी माझ्या बाजूस एक सावली येऊन थांबली. रुपराव होते. हातात म्हशीचे दावे होते.

"मास्तर, काय करून राहिले?"

"एक इंच राहिला आहे," मी म्हणालो.

त्यांनी ओट्याकडे पाहिले, टेपकडे पाहिले, टेपच्या दुसऱ्या टोकाशी उकिडव्या बसलेल्या माझ्या मुलीकडे पाहिले. मग दावे ओट्यावर टाकून माझ्या हातातली हातोडी काढून घेतली.

"सरका गा तिकडं," ते म्हणाले. "सांजेपर्यंत तरी होऊ द्या."

मी सरकलो. परंतु छिन्नी मी त्यांना दिली नाही. ती मीच धरून राहिलो, आणि प्रत्येक घावागणिक ती अर्धे बोट पुढे सरकवीत गेलो.